संशोधनाचा जमाखर्च
(मिरजगाव येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘संशोधक : एक तपस्वी’. विषय संयोजकांनी दिला; मला त्यातल्या तपस्व्याशीच भांडायचं आहे. (हशा)

इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे तुम्हाला ठाऊकच आहेत. गावोगावची दप्तरं धुंडाळणं, ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड, ते सगळं सांगत बसत नाही. पण ते हलाखीत राहिले याचंच आपल्याला जास्त कौतुक. विद्वानाला एकदा फकीर ठरवलं की पगाराचं नाव काढायला नको, कसं?

म्हणून मला ज्ञानकोशकार केतकर जवळचे. 1911 साली अमेरिकेत कॉर्नेलची डॉक्टरेट मिळवलेला हा माणूस 1916 मध्ये नागपुरात चक्क लिमिटेड कंपनी काढतो! भागभांडवल, वर्गणीदार, सगळं रीतसर. कोशाचे 23 खंड असे उभे राहिले. आणि मग हा गृहस्थ ‘माझे बारा वर्षांचे काम’ नावाचं पुस्तक लिहून त्या कंपनीचा इतिहासच मांडतो. ज्ञानाच्या मागचा व्यवहार सांगायला त्यांना लाज वाटली नाही. आपल्याला वाटते.

त्यांच्या पत्नी शीलावतीबाई, माहेरच्या एडिथ कोह्न. विंटरनिट्झचा भारतीय वाङ्मयाचा जर्मन इतिहास त्यांनी इंग्रजीत आणला. कलकत्ता विद्यापीठाने 1927 मध्ये पहिला खंड छापला. पुस्तकावर नाव काय, तर ‘मिसेस एस. केतकर’. म्हणजे एका घरात दोन अभ्यासक, आणि आपण जयंती कुणाची करतो? पुढच्या रांगेतल्या भगिनी हसतायत, त्यांना कळलं. बाई पीएच.डी. करायला लागली की घरचे विचारतात, “अजून किती दिवस?” पुरुषाला तेच विचारतात, पण चहा देऊन. (हशा) यूजीसीच्या 2022 च्या पीएच.डी. नियमांनी स्त्री संशोधकांना दोन वर्षं जादा आणि 240 दिवसांची प्रसूती रजा दिली. चांगलं झालं. ती रजा घरात कोण मान्य करणार, ते नियमात नाही.

कोण बोललं मागून? “सर, प्राध्यापकांच्या जागा कधी निघणार?” अहो, मी मंत्री असतो तर इथे हार घालून घेऊन केव्हाच निघून गेलो असतो! पण प्रश्न खरा आहे. नेट-सेट झालेला मुलगा तासिका तत्त्वावर शिकवतो. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की खिसाही बंद. त्याच मुलाने रात्री प्रबंध लिहायचा, आणि वर आपण त्याला राजवाड्यांची गोष्ट ऐकवायची. नाही, माझा राजवाड्यांवर राग नाही, तसं वर्तमानपत्रात देऊ नका.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं. गणिती आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी राहिलेच! पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला जाऊन टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणित करणारे, गाडीत वाचणारे. 1962 मध्ये तीही जागा गेली. त्यांच्यावर तासभर बोलता येईल, पण संयोजक घड्याळाकडे बघतायत आणि शेवटची एसटी धरणारे चपला शोधतायत. एवढंच विचारतो : पुढल्या वर्षी व्याख्यात्यांपैकी एकाचं मानधन तालुक्यातल्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याच्या प्रवासखर्चाला द्याल का? माझ्यापासून सुरुवात करू नका म्हणजे झालं.