गाडीतली वीस मिनिटं



कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना असला की पेठेतल्या घरांत जेवणाची वेळ पुढं-मागं होते, हे बघत मी वाढलो. आज मात्र मोठ्यांच्या फुटबॉलवर बोलणार नाही. न्यू जर्सीत आठ-दहा वर्षांच्या पोरांना शिकवताना जे दिसलं, ते सांगायला आलोय.

तिथं मुलांच्या फुटबॉलच्या दोन वाटा आहेत. एक 'रिक्रिएशनल', म्हणजे गावातली हौशी लीग. नाव नोंदवलं की संघात जागा मिळते. शिकवायला कुणाचे तरी आई-बाबाच असतात. १९६४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या 'एवायएसओ' या संघटनेत प्रत्येक मूल निदान निम्मा सामना खेळलंच पाहिजे, असा दंडक आहे. दुसरी वाट 'ट्रॅव्हल'ची. निवड चाचणी, बहुधा पगारी प्रशिक्षक, भरपूर फी, आणि सुट्टीच्या दिवशी गाडी काढून दुसऱ्या गावच्या मैदानावर जाणं. तिथल्या आपल्या मराठी घरांतही "ट्रॅव्हलमध्ये निवड झाली का?" हे दहावीचे टक्के विचारावेत तसं विचारलं जातं. मूल आठ वर्षांचं असतं हो!

नियम करणाऱ्यांनी मुलांचा विचार केलाय. २०१७ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल फेडरेशनने आठ वर्षांपर्यंत चार विरुद्ध चार, गोलरक्षकाशिवाय; दहापर्यंत सात विरुद्ध सात; बारापर्यंत नऊ विरुद्ध नऊ असं ठरवून दिलंय. पूर्ण मैदानावर अकरांच्या संघात छोटं पोरगं बराच वेळ नुसतं उभं असतं. चौघांत चेंडू सारखा त्याच्याच पायाशी येतो, आणि त्याला हवा असतो तो चेंडूच. जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अमांडा व्हिसेक आणि सहकाऱ्यांनी खेळातली मजा कशाकशात असते, हे सॉकर खेळणाऱ्या मुलांनाच विचारलं. ८१ गोष्टी निघाल्या. जीव तोडून खेळणं, खिलाडूपणा, चांगलं वागवणारा प्रशिक्षक हे सगळं वर होतं. जिंकणं ४८व्या क्रमांकावर.

हे वाचूनही मी चुकलो. माझा मुलगा नऊ वर्षांचा होता. सामना हरला होता. घरी जायला वीस मिनिटं लागायची आणि ती वीसही मिनिटं मी बोलत होतो: डावी बाजू मोकळी का सोडलीस, पास का दिला नाहीस. गाडीच्या आरशात तो दिसत होता. शिनगार्डचा पट्टा चिकटवायचा, खर्रकन ओढायचा, परत चिकटवायचा. घर आलं तेव्हा एवढंच म्हणाला, "बाबा, पुढच्या रविवारी आई नेईल का मला?"

त्या रात्री मला झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी मीच नेलं, पण परतताना फक्त "काय खाणार?" एवढंच विचारलं. निम्म्या वाटेत तो आपणहून बोलायला लागला. "डाव्या पायानं पास दिला, तू बघितलास?" मी बघितला नव्हता. तो डाव्या पायानं सराव करतोय, हेच मला माहीत नव्हतं.

मैदानाच्या कडेचंही तेच. आतून प्रशिक्षक सांगतोय, बाहेरून बाप ओरडतोय "मार, मार!", पोरानं स्वतःचं डोकं चालवायचं कधी? काही लीगमध्ये वर्षातून एखादा शनिवार 'मूक' पाळतात, पालकांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. माझ्या मते प्रत्येकच शनिवार तसा असावा.

ट्रॅव्हलला माझा विरोध नाही. जे पोरगं कुणी न सांगता पावसात भिंतीवर चेंडू मारत बसतं, त्याला ती वाट दाखवाच. पण आधी त्याला विचारा, 'नको' म्हणालं तर ते खरं माना, आणि वर्षभरानं परत हौशी लीगमध्ये यावंसं वाटलं तर त्यात नापास झाल्यासारखं तोंड करू नका.

आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळला. तो अभिमान आपल्या सगळ्यांचा आहे. पण त्याचं ओझं आठ वर्षांच्या पोराच्या खांद्यावर नको. येत्या रविवारी सामना संपला की पाण्याची बाटली द्या, पाठ थोपटा, आणि स्कूटरवर मागं बसलेल्या पोराला आधी बोलू द्या.