न पेरता येणारा तेरडा

अंगणात आंब्याच्या किंवा चिकूच्या झाडाखाली विरळ सावलीची एक जागा असते. तिथं काही येत नाही, अशी अनेकांची तक्रार असते. गुलाब तिथं रुसतो, झेंडू नुसताच उंच वाढतो. या जागेसाठी आपल्या मातीतलंच एक फूलझाड आहे. दिवसातून तीन-चार तास कोवळं ऊन मिळालं तरी ते फुलतं आणि एकदा रुजलं की दरवर्षी बी विकत आणावं लागत नाही. ते म्हणजे तेरडा.

'तेरड्याचा रंग तीन दिवस' असं आपण म्हणतो. फुलापुरतं ते ठीक आहे. झाड मात्र मोठं भरवशाचं. त्याच्या पिकल्या बोंडाला बोट लावून पाहा. बोंडाचे पाच भाग झटकन वळतात आणि बी चहूकडे उडतं. 'इंपेशन्स' म्हणजे उतावळा, हे त्याचं शास्त्रीय नाव यावरूनच पडलं. हे बी हिवाळा-उन्हाळा मातीत पडून राहतं आणि पावसाच्या सरी आल्या की उगवतं.

मग आपल्या बागेत ते पुन्हा का दिसत नाही? कारण आपला टापटिपीचा सोस! फुलं ओसरली की बोंडं पिकण्याआधीच आपण झाडं उपटतो. उन्हाळ्यात माती खोल खणून बी खाली गाडतो. त्यातूनही जे उगवतं, ते जूनमध्ये तण म्हणून खुरपून टाकतो. आणि अंगणाला फरशी घातली, तर प्रश्नच मिटला.

म्हणून एवढंच करा. आश्विन-कार्तिकात झाडं वाळेपर्यंत हात लावू नका. त्या वाफ्यातली माती खणू नका. वर पालापाचोळ्याचा जाड थर साचला असेल, तर तो जूनपूर्वी विरळ करा. पाऊस पडल्यावर रोपं ओळखायला शिका. तेरड्याची पहिली दोन पानं गोलसर असतात, पुढची लांबट आणि दातेरी. दाटी झाली तर वीतभर अंतर ठेवून विरळणी करा. काढलेली रोपं ढगाळ दिवशी दुसरीकडे लावा. पाणी साचणारी जागा मात्र टाळा, मुळं कुजतात.

आपोआप येणारं प्रत्येक फूल असं निर्धोक नसतं, हेही लक्षात ठेवा. पिवळा-नारंगी कॉसमॉस बाहेरून आलेला. तो बागेतून निसटून डोंगरउतारांवर पसरतो आणि तिथल्या रानफुलांची जागा घेतो. टेकडीजवळ राहणाऱ्यांनी तो न लावणंच बरं.

तेरड्याचं तसं नाही, तो इथलाच. भाद्रपदात अनेक घरी गौर येते ती तेरड्याच्या रोपांची, मुळांसकट. बाजारातल्या जुड्यांसाठी पुष्कळदा रानातला तेरडा उपटला जातो, तोही ऐन फुलोऱ्यात, बी धरण्याआधी. घरचा वाफा असेल, तर रानातला तेरडा रानात राहील. गौरीसाठी पाच रोपं काढलीत, तर पाच बियांसाठी राखा. पुढच्या भाद्रपदाची सोय त्यांच्याच बोंडांत असते.