मूल होत नाही, दोष कोणाचा?
(वर्धापनदिनी दिलेले भाषण)



आजच्या मंगल दिवशी मी उंदरांविषयी बोलणार, हे ऐकून काही जणी हसल्या. स्वयंपाकघरात उंदीर आपला वैरी खरा. पण प्रयोगशाळेत त्याने स्त्रीच्या कुशीविषयी पुष्कळ शिकविले आहे. मी बरीच वर्षे मुलींना जीवशास्त्र शिकविले, म्हणून हा विषय निवडला.

आपल्या पेशीपेशीत गुणसूत्रे नावाचे बारीक धागे असतात. माणसात ४६, उंदरात ४०. त्यांतील दोन लिंगाशी निगडित असतात. मादीत बहुधा दोन ‘एक्स’, नरात एक ‘एक्स’ व एक ‘वाय’. १९५९ साली अमेरिकेत ओक रिज येथे लियान रसेल या शास्त्रज्ञ बाईंनी व त्यांचे सहकारी वेल्शन्स यांनी दाखविले की, एकच ‘एक्स’ असलेला उंदीर मादी असतो आणि तिला पिलेही होतात.

मात्र तिची शिदोरी तोकडी असते. मादीची बीजे ती आईच्या पोटात असतानाच घडू लागतात. तेव्हा गुणसूत्रांच्या जोड्या जुळाव्या लागतात. एकट्या ‘एक्स’ला जोडीदार मिळत नाही, आणि अशी पुष्कळ बीजे जन्माच्या सुमारासच नष्ट होतात. उरलेल्यांपैकी काहींत ‘एक्स’ जातच नाही. त्यांना बापाकडून ‘वाय’ मिळाला, तर तो गर्भ थोड्याच दिवसांत मरतो. म्हणून तिला पिले कमी होतात आणि तिची वीणही लवकर थांबते.

त्याच १९५९ साली इंग्लंडमध्ये टर्नरचा विकार असलेल्या एका मुलीत ४५ गुणसूत्रे आढळली. तिलाही ‘एक्स’ एकच होता. अशा बहुतेक मुलींची बीजे लहानपणीच संपतात. थोड्याजणींना मात्र आपणहून दिवस जातात.

आता सांगा, जिची बीजे कळत्या वयाआधीच सरली, तिचा अपराध कोणता? तिला वांझ म्हणून हळदीकुंकवाला टाळायचे कशासाठी? सुरुवातीच्या महिन्यांत होणाऱ्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. ते काही जिना चढल्याने किंवा पपई खाल्ल्याने घडत नाहीत. आणि कारण नेहमी बाईकडेच असते असेही नाही. एक ‘एक्स’ जास्त असलेल्या पुरुषालाही बहुधा मूल होत नाही. म्हणून तपासणी दोघांचीही व्हावी.

एक विनंती. मुलीची उंची खुंटली असेल, पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आली नसेल, तर नवस बोलत बसू नका. डॉक्टरांकडे न्या. गुणसूत्रांची तपासणी रक्तावरून होते. विकार वेळीच कळला तर वाढीवर उपचार करता येतात आणि हृदयाचीही काळजी घेता येते.

आपल्या मंडळात कोणाही भगिनीला तिच्या रिकाम्या ओटीवरून बोल ऐकावा लागू नये, एवढेच मागून मी आपली रजा घेते.