थंडी अडवा, हवा नको

आम्ही मोरिवलीच्या बाया आज गॅलरीविषयी बोलणार आहोत. आपल्याकडे गॅलरी म्हणजे काही हवा खायची जागा उरलेली नाही. ग्रिल लावली, डासांसाठी जाळी मारली आणि झाली एक खोली. कोणाकडे तिथे आजी झोपतात, कोणाकडे दहावीचा मुलगा अभ्यासाला बसतो. कोणी बैठ्या घरात राहते, तिथे तीच जागा ओटी किंवा पडवी म्हणून असते, वर पत्रा आणि समोर जाळी. पावसाळ्यात आपण तिला ताडपत्री लावतो. थंडीचे मात्र म्हणतो, "मुंबईला कुठली आली थंडी?"

पण मैत्रिणींनो, आपण मुंबईत नाही. समुद्र मुंबईला रात्री ऊब देतो, आपल्यापर्यंत ती पोचत नाही. आपल्याभोवती डोंगर, मधून उल्हास नदी, आणि रात्री गार झालेली जड हवा सखल भागात येऊन बसते. म्हणून अंबरनाथ-बदलापूरला पहाटे स्वेटर लागतो तेव्हा कुलाब्याला पंखा चालू असतो. जाळीला तर या हवेची अडकाठीच नाही. डास अडतो, गारठा सरळ आत येतो.

मागच्या थंडीत आमच्यातल्या एकीने गॅलरी चारी बाजूंनी जाड प्लॅस्टिकने बंद केली. सासूबाईंना दमा, त्या तिथेच झोपायच्या. एका रात्री फारच गार होते म्हणून तिने शेगडीतले निखारे आत नेऊन ठेवले. धूर नव्हता, लालबुंद निखारे होते, छान ऊब आली. पहाटे नातू पाणी प्यायला उठला, तर आजी हाकेला नीट ओ देईनात. डोके गरगरते म्हणाल्या आणि उलटी झाली. दार उघडले, त्यांना बाहेर मोकळ्यावर आणले, दवाखान्यात नेले, म्हणून त्या आज आपल्यात आहेत. सुनेने केले ते मायेपोटीच. म्हणूनच आज हे बोलायचे ठरवले. थंडी अडवायची, पण हवा अडवायची नाही.

सुरुवात उदबत्तीने करा. रात्री झोपायच्या आधी आणि पहाटे एकदा, पेटती उदबत्ती जाळीजवळ धरून हळूहळू फिरवा. धूर ज्या बाजूने आत लोटला जातो, ती वाऱ्याची बाजू. बहुतेक घरांत एक किंवा दोनच बाजू त्रास देतात. तेवढ्याच बंद करायच्या. खर्च तिथेच अर्धा होतो. उदबत्ती पडद्यापासून लांब धरा, एवढे सांगायला नको.

आता खालून सुरू करू. आपण पांघरुणावर पांघरूण घालतो, पण गारवा लादीतून वर येतो. लादीवर आधी पुठ्ठ्याचे खोके उलगडून पसरा, त्यावर गोणपाट किंवा चटई, मग सतरंजी. खाट असेल तर गादीखाली वर्तमानपत्रांचे जाड थर घाला. लोखंडी खाटेखालून वारा फिरतो, म्हणून एक गोधडी अंगावर असेल तर एक अंगाखालीही हवी. गोधडी उबदार का असते? जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये हवा अडकून राहते म्हणून. हीच युक्ती सगळीकडे चालते.

जाळीवरही तेच. एका जाड प्लॅस्टिकपेक्षा दोन पातळ पडदे बरे, मध्ये दोन-तीन बोटे जागा सोडून. बाहेरून पारदर्शक प्लॅस्टिक, आतून जुन्या चादरीचा पडदा. प्लॅस्टिकचे माप घ्याल तेव्हा चारी बाजूंनी अर्धा फूट जास्त धरा. दहा फूट रुंद आणि चार फूट उंच जाळी असेल तर कापड लागते अकरा बाय पाच, म्हणजे पंचावन्न चौरस फूट. नेमके चाळीस आणले तर कडेच्या फटीतून वारा येतो आणि पैसे वाया जातात. कडा दुमडून शिवा, खालच्या दुमडीत बांबूची काठी घाला, म्हणजे प्लॅस्टिक फडफडत नाही आणि सकाळी गुंडाळून वर बांधता येते. बांबूची चिक घरात असेल तर तीच बाहेरून लावा.

दाराखालच्या फटीसाठी विकतचे काही नको. उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांतून कातरणी निघतात. त्या मिळाल्या तर धुवा, लांब पिशवीत ठासून भरा, आणि उशीसारखी ती वळकटी दाराशी सरकवून ठेवा. जीन्सचे कापड घट्ट विणीचे, वारा चांगला धरते.

पत्र्याचे छप्पर असेल तर पहाटे आतून थेंब पडतात. रात्री पत्रा गार होतो आणि आपल्या श्वासातली वाफ त्याला लागून पाणी होते. त्यावर पत्र्याखाली वीतभर अंतर सोडून बांबूची चटई बांधा. थर्माकोल मात्र नको, तो झटकन पेट घेतो. वायर किंवा दिवा चटईला टेकणार नाही, हेही बघा.

हे काही नवे नाही. आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या जुन्या घरांना कारवीचे कूड असायचे, वरून शेणमातीने लिंपलेले. वारा अडायचा, पण छपराखालून हवा खेळती राहायची.

फुकटची ऊब म्हणजे ऊन. थंडीत सूर्य दक्षिणेकडून तिरका चालतो, म्हणून दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतपर्यंत येते. ऊन आले की पडदे वर करा, गाद्या तापू द्या, आणि सूर्य मावळायच्या आधी पडदे खाली सोडा. अंधार पडल्यावर सोडले तर गारठाच आत कोंडला जातो. उत्तरेच्या गॅलरीत ऊन येत नाही. तिथे आजींना थंडीचे दोन महिने आतल्या खोलीत झोपवणे हाच सगळ्यात स्वस्त उपाय.

आता चार गोष्टी, ज्या आम्ही पाठ करून घेतल्या आहेत.

पहिली. बंद जागेत शेगडी, निखारे, स्टोव्ह काही नाही. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही त्याची खूण. लगेच माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. गॅसचा गिझर गॅलरीत असेल तर ती गॅलरी बंद करायचीच नाही. डासांची कॉइलही नको, मच्छरदाणी लावा.

दुसरी. वाऱ्याच्या उलट बाजूला, वरच्या अंगाला वीतभर जागा रात्रभर उघडी ठेवा. आपल्याकडे एमआयडीसी शेजारी, थंडीच्या पहाटे धूर खाली रेंगाळतो, म्हणून सगळे गच्च बंद करावेसे वाटते. तरी ही वीतभर जागा सोडाच.

तिसरी. सिलिंडर गॅलरीत असेल तर प्लॅस्टिक जमिनीपर्यंत आणू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. खालून वाट मोकळी हवी. वास आला तर दिव्याचे बटणही दाबू नका, रेग्युलेटर बंद करा, बाहेर पडा आणि १९०६ ला कळवा.

चौथी. पडदा एका ओढीत सुटला पाहिजे. गाठी मारू नका, सरकफास घाला. ग्रिलला दार असेल तर किल्ली त्याच भिंतीवर, पोरांनाही ठाऊक अशा जागी.

रबरी पिशवीत गरम पाणी घ्याल तर ती कपड्यात गुंडाळा. अंथरूण उबवून झाले की काढून ठेवा. मधुमेह असलेल्यांच्या पायाला चटका कळत नाही.

त्या सासूबाई आता आतल्या खोलीत झोपतात आणि सकाळी गॅलरीत उन्हाला बसतात. अंबरनाथच्या शिवमंदिराची महाशिवरात्रीची जत्रा झाली की थंडी शिव शिव म्हणत जाते, असे त्याच सांगतात. तेव्हा पडदे काढा, धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवा, पुढच्या वर्षी नवा खर्च नको. आणि आज रात्री, एवढे ऐकून झाल्यावर, शेजारच्या गॅलरीत शेगडी जाताना दिसली तर कोणाला काय वाटेल असा विचार करू नका. हाक मारा.