अनोळखी आज्ञावली आणि संगणकाचा इशारा



इंदापूर तालुक्यातील कळंब हे नीरा खोऱ्यातील गाव. येथील शेतकरी बियाण्याची पिशवी घेताना तिच्यावरील निळा टॅग पाहतो. बियाणे प्रमाणित असल्याची ती खूण होय. घरच्या सोयाबीनला मात्र टॅग नसतो, म्हणून ते कोणी टाकून देत नाही. ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण पाहिली जाते. सत्तर उगवले म्हणजे पेरणीस हरकत नसते. टॅग नाही एवढ्यावरून बियाणे वाईट ठरत नाही; परंतु तपासणीची जबाबदारी पेरणाऱ्यावर येते. संगणकाच्या आज्ञावलीसही हाच न्याय लागू पडतो.

जिचा मूळ मजकूर कोणासही पाहता, तपासता व सुधारता येतो, ती मुक्तस्रोत आज्ञावली. लिब्रेऑफिस व व्हीएलसी ही तिची परिचित उदाहरणे. शासकीय कामात अशा आज्ञावल्यांचा अवलंब व्हावा, असे धोरण भारत सरकारने 2015 मध्ये जाहीर केले. मात्र एखाद्या स्वतंत्र कारागिराने फावल्या वेळात तयार केलेली आज्ञावली बसवू गेल्यास विंडोज प्रणाली निळी चौकट दाखवून काम थांबविते. प्रकाशक अज्ञात असल्याचे ती सांगते.

या इशाऱ्याचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. डिजिटल स्वाक्षरीच्या सात-बाऱ्यावर जशी अधिकाऱ्याची स्वाक्षरी असते, तशी आज्ञावलीवर तिच्या कर्त्याची असावी, अशी अपेक्षा असते. त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राला पैसे पडतात. ॲपलच्या विकासक सदस्यत्वाचे शुल्कच वर्षाला 99 डॉलर आहे. विनामूल्य देणाऱ्यास हा खर्च झेपतोच असे नाही. शिवाय नवी व थोड्यांनीच उतरवून घेतलेली फाइलही विंडोजला अपरिचित वाटते. म्हणजे हा इशारा ओळख पटली नसल्याचा आहे. दोष सिद्ध झाल्याचा नव्हे. मात्र विषाणूरोधक प्रणालीने विषाणूचे नाव घेऊन फाइल अडविली, तर तेथेच थांबावे.

मुक्तस्रोत म्हणजे निर्धोक, अशी समजूतही करून घेऊ नये. फेब्रुवारी 2016 मध्ये लिनक्स मिंटच्या संकेतस्थळात घुसखोरी झाली आणि काही काळ लोकांना बदललेली फाइल मिळाली. मार्च 2024 मध्ये ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या घटकात दडविलेला चोरदरवाजा अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या ध्यानी आला. मजकूर खुला होता म्हणून तो शोधता आला, हे खरे. पण कोणीतरी पाहिले म्हणूनच तो सापडला, हेही तितकेच खरे.

तेव्हा तपासणीचा क्रम ठरवून घ्यावा. फाइल कर्त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. व्हॉट्सॲपवर आलेली किंवा जाहिरातीतून मिळालेली घेऊ नये. कर्त्याने फाइलची ‘शा-256’ ही 64 अक्षरांची खूण दिली असल्यास विंडोजमधील ‘सर्टयुटिल’ आज्ञेने ती पडताळावी. एका अक्षराचाही फरक पडल्यास फाइल काढून टाकावी. संकेतस्थळच बदलले गेले असल्यास खूणही खोटी असू शकते. म्हणून आज्ञावली किती वर्षे चालू आहे, तिच्यातील दोष दुरुस्त होतात काय, हेही पाहावे. एवढे झाल्यावरच ‘मोअर इन्फो’ व नंतर ‘रन एनीवे’ हे पर्याय निवडावेत. विषाणूरोधक प्रणाली बंद करावयास सांगणाऱ्याचा सल्ला कधीही मानू नये.

घरच्या संगणकावर हा निर्णय ज्याचा त्याचा असतो. ग्रामपंचायतीत तसे नाही. तेथे घरपट्टीच्या नोंदी असतात. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या डिजिटल स्वाक्षऱ्यांनी वित्त आयोगाच्या निधीचे प्रदान होते. एका क्लिकचा भुर्दंड साऱ्या गावाला पडू शकतो. म्हणून कार्यालयातील संगणकावर वरिष्ठांच्या लेखी परवानगीशिवाय काहीही बसवू नये, आणि स्वाक्षरीची किल्ली काम संपताच काढून कुलपात ठेवावी. शाळेत नवी आज्ञावली प्रथम निकालपत्रके नसलेल्या संगणकावर चालवून पाहावी. नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावी. आर्थिक फसवणूक झाल्यास विलंब न लावता 1930 या क्रमांकावर कळवावे.

इशारा पाहून घाबरून चांगले साधन सोडणे हे जसे नुकसानीचे, तसेच तो न वाचता पुढे जाणेही नुकसानीचे. इशारा वाचावा, समजून घ्यावा, पडताळणी करावी, मग निर्णय घ्यावा. गावाच्या दप्तराचे रक्षण करणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा वाजवीच आहे.