लाल दिसण्याची दोन कारणं



तुमच्या नाटकाची तिसरी घंटा व्हायची आहे. पाहुण्याने तिच्या आड येऊ नये, एवढं मला कळतं. तेव्हा एकच गोष्ट सांगतो, लाल ताऱ्यांची.

मृग नक्षत्राच्या पायाशी शशक नावाचा तारकासमूह आहे. १८४५ साली हिंड या इंग्रज निरीक्षकाला तिथे एक गडद किरमिजी तारा दिसला. असे तारे नजरेला क्वचितच सापडतात, कारण त्यांचा बराचसा प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा असतो. मग शोधायचे कसे?

अमेरिकेत क्लीव्हलंडला जेसन नासाऊ यांनी हा उद्योग मांडला. २४ इंची श्मिट दुर्बीण, तिच्या तोंडावर प्रिझम आणि आत अवरक्त प्रकाश टिपणारी फोटोची काच. ही काच भलतीच मंद. आधी अमोनियात बुडवून, वाळवून तिला तयार करायची. प्रिझममुळे प्रत्येक ताऱ्याच्या वर्णपटाची बारीक रेघ उमटे. मग भिंग घेऊन एकेक रेघ तपासत बसायचं! हे कारकुनी काम मला तरी दुर्बिणीइतकंच मोलाचं वाटतं.

कारण तारा लाल दिसतो तो दोन कारणांनी. एक तर तो मुळातच थंड, तीनेक हजार अंशांचा. नाहीतर चांगला तापलेला, पण वाटेत धूळ. नुसत्या रंगावरून निवाडा होत नाही. रेघेत टायटेनियम ऑक्साइडचे पट्टे दिसले की तारा थंड ताऱ्यांच्या एम वर्गातला. फारच थंड असला तर व्हॅनेडियम ऑक्साइडचेही दिसतात. सायनोजेनचे दिसले तर कार्बन तारा. हिंडचा तारा त्यातलाच. पट्टेच नसतील, तर संशय धुळीवर.

पुढे कॅलटेकच्या नॉयगेबाउअर आणि लेटन यांनी फोटोची काच सोडून विद्युत शोधक वापरले. एपॉक्सी राळ गरगर फिरवत घट्ट होऊ दिली आणि तिचाच ६२ इंची आरसा केला! १९६९ साली त्यांची ५६१२ नोंदींची सूची आली. तिच्यात सिंह राशीतला एक कार्बन तारा आहे, अवरक्तात झगझगीत आणि एरवी अगदी मंद. तो स्वतः थंड आहेच, वर स्वतःच सोडलेल्या धुळीत गुरफटलेला. म्हणजे दोन्ही कारणं एकाच ठिकाणी!

आज टू-मास या अवरक्त सर्वेक्षणाची सुमारे ४७ कोटी नोंदींची सूची इंटरनेटवर फुकट मिळते. प्रकल्पाला विषयच मिळत नाही म्हणणाऱ्यांनी परीक्षा संपली की ती जरूर उघडावी.