पूल येतो आहे. सातबाऱ्यावर नाव कोणाचे?
(नदीकाठच्या एका विहारातील सभेत वाचलेले भाषण)

उपासक-उपासिकांनो,

महाडजवळचा सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात वाहून गेला. एस.टी.च्या दोन गाड्या उतारूंसह नदीत गडप झाल्या. पुढच्याच वर्षी, जून २०१७ मध्ये, तेथे नवा पूल खुला झाला. तेव्हा पूल नको, असे सांगावयास मी उभा नाही. भरल्या पावसात बाळंतिणीला पैलतीरी नेण्यासाठी होडीची वाट पाहणाऱ्या वस्तीला पुलाची किंमत कोणी शिकवावी? माझा प्रश्न निराळा आहे. पुलाचे जोडरस्ते कोणाच्या जमिनीतून जाणार, आणि त्या माणसाचे नाव कागदावर आहे काय?

पुष्कळ गावी आपली जमीन म्हणजे जुनी महार वतनाची. १९५८ च्या कायद्याने ती वतने नष्ट झाली व जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. पण सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव! चुलत्या-पुतण्यांचे पटत नाही म्हणून वारसनोंद राहते. मग मोजणीदार आला की धावाधाव, आणि आपसांतील वादापायी भरपाई प्राधिकरणाकडे जमा होऊन पडून राहते. हा दोष सरकारचा नव्हे, आपला आहे.

ज्यांना जमीन नाही त्यांनीही स्वस्थ बसू नये. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील 'बाधित कुटुंबा'त तीन वर्षे तेथे राबणारा शेतमजूर येतो, मासेमार व होडीवालाही येतो. मात्र त्याची मुख्य उपजीविका संपादनामुळे बुडाली पाहिजे. केवळ उतारू घटले, एवढ्यावर वाद होईल. उताराची जागाच गेली तर बाजू बळकट.

"आम्ही बौद्ध झालो, मग अनुसूचित जातींच्या तरतुदी आम्हांला कशा?" ही शंका मला नेहमी विचारली जाते. १९५६ पासून हा प्रश्न केंद्राच्या दारात चौतीस वर्षे ताटकळला; १९९० साली तो सुटला. म्हणून कलम ४१ आपलेही आहे: अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन घेतल्यास किमान एक तृतीयांश रक्कम प्रथम हप्ता म्हणून द्यावी लागते, उरलेली ताबा घेतल्यावर. भीतीपोटी धर्माच्या रकान्यात दुसरे काही लिहू नका. दाखला मात्र आधीच काढून ठेवा. सावित्रीसारखा राष्ट्रीय महामार्गावरील पूल असेल तर जमीन निराळ्या कायद्याने घेतात. तेथे यांतील कोणते कलम लागू पडते, हे वकिलास विचारल्यावाचून पाऊल टाकू नका.

२०१३ च्या कायद्याने प्राथमिक अधिसूचना निघाली की ६० दिवसांत लेखी हरकत द्यावी. आणि रक्कम घेताना 'हक्क राखून स्वीकारली' असे लिहिल्याखेरीज सही करू नये. तसे न लिहिणाऱ्यास वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर त्या अर्जाची मुदत फक्त सहा आठवड्यांची.

ज्यांनी सातबारा बरोबर आणला आहे त्यांनी सभेनंतर थांबावे. मी सायंकाळच्या गाडीपर्यंत येथेच आहे.

जय भीम!